क्लच कोणीं जाळला?

एकत्र कुटुंबांतील मोटार ही घरांतल्या पाट्या-वरवंट्यासारखी असते. वापरतात सगळीं, आणि टवका उडाला म्हणजे ज्यानें शेवटीं हात लावला त्याच्या माथीं दोष येतो. आमच्या घरीं गाडी चालविणारीं माणसें चार: आम्ही, आमचे धाकटे बंधु, आमचे चिरंजीव, आणि गेल्या वर्षीं परवाना मिळाल्यापासून सूनबाई. गेल्या चैत्रांत आम्ही देवीच्या दर्शनास तुळजापुरास निघालों. सोलापुराहून तुळजापूर सुमारें ४५ किलोमीटर. वाट बहुतेक सपाट. गांव जवळ आलें म्हणजे मात्र बालाघाटाच्या रांगेचा चढ लागतो. ऊन कडक, गाडींत पांच माणसें, मागें सामान. सूनबाई चालवीत होत्या. चढाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज एकाएकीं वाढला, गाडीचा वेग मात्र उतरूं लागला, आणि कांहीं क्षणांतच जळका वास सुटला.

गाडी कडेला घेतली. ती थांबते न थांबते तोंच मागच्या बाकावरून निकाल लागला, “क्लच जाळला! नवशिक्याच्या हातीं घाट द्यावाच कशाला?” निकाल देणारे आम्हीच होतों, हें आरंभींच कबूल करतों. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. किल्ली त्यांनीं मुकाट्यानें बंधूंच्या हातीं दिली, व त्यानंतर पंधरा दिवस गाडीला हात लावला नाहीं.

त्या पंधरा दिवसांत खरा प्रकार काय झाला होता तें आम्हांस कळलें, आणि तें कळण्यासाठीं जो विचार करावा लागला तो पुष्कळ घरांस उपयोगी पडण्यासारखा आहे. कारण क्लच व गिअर यांच्या दुखण्यांत खर्च मोठा असतो, गिअरबॉक्स खालीं उतरविल्यावांचून आंतलें कांहीं दिसत नाहीं, आणि म्हणूनच अंदाजानें बोलणारांचें फावतें. परंतु न उघडतां, केवळ हातापायांनीं व कानानें, दहांपैकीं आठ गोष्टींचें निदान घरच्या अंगणांत करतां येतें.

क्लच काय करतो

पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या इंजिनाला थांबलेल्या स्थितींत जोर देतां येत नाहीं. नुसतें जिवंत राहण्यासाठींच त्याला मिनिटास सातआठशें फेरे घ्यावे लागतात. उलट उभ्या गाडीचीं चाकें स्थिर असतात. फिरती वस्तु व स्थिर वस्तु यांस धक्का न बसूं देतां जोडणारें, आणि वाटेल तेव्हां सोडविणारें साधन म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोंकाला फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. त्याला लागून क्लचप्लेट, म्हणजे दोन्ही अंगांना घर्षणाचें द्रव्य बसविलेली चकती; ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली असते. तिच्यामागें प्रेशर प्लेट. ती पोलादी स्प्रिंगच्या जोरानें चकतीला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडलवर पाय नसतां तिन्ही एकजीव होऊन फिरतात. पेडल दाबलें कीं केबलच्या ओढीनें किंवा नळींतील तेलाच्या दाबानें एक फोर्क हलतो, तो रिलीज बेअरिंगला पुढें ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगच्या मध्यावर दाब देतें, आणि चकती मोकळी होते.

आतां गिअरबॉक्स. पुष्कळांची समजूत अशी कीं गिअर टाकणें म्हणजे दांत्याचें एक चाक दुसऱ्यांत घुसविणें. आजच्या गाडींत पुढच्या गिअरांचीं चाकें नेहमीं एकमेकांत गुंतलेलींच असतात. दांडी हलवून आपण त्यांतलें एक चाक आंतल्या दांड्याशीं बांधतों, एवढेंच. पण बांधण्यापूर्वीं दोघांची गति सारखी झाली पाहिजे. तें काम एक लहानसें कडें करतें. बहुधा तें पितळेचें असतें. तें आधीं घांसून गति जुळवितें व मग खांचा एकमेकींत बसतात. यालाच सिंक्रोमेश म्हणतात. हें कडें आपलें काम नीट करतें तें क्लच पूर्ण सुटलेला असला तरच. इंजिनाचा जोर मागून येतच राहिला तर तें बिचारें इंजिनाशीं झुंजत बसतें, आणि आपल्या कानीं ‘करर्र’ असा आवाज पडतो.

सोलापूर आणि गिअरचें शिक्षण

या विषयाशीं आमच्या गांवाचें नातें जुनें आहे. हिंदुस्थानांत मोटारी बांधण्याचा ध्यास ज्यांनीं घेतला ते वालचंद हिराचंद दोशी सोलापूरचे. त्यांचा जन्म येथें १८८२ सालीं झाला. जहाजें, विमानें, साखर असे अनेक उद्योग केल्यावर १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार होऊन डॉज, प्लिमथ या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. पुढें इटलीच्या फियाटची लहान गाडी आली, आणि तीच ‘पद्मिनी’ या नांवानें घराघरांत ठाऊक झाली. वालचंदशेठ १९५३ सालीं वारले. मुंबईच्या रस्त्यावरील काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची सेवा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली.

त्या गाडीची गिअरची दांडी पुष्कळ वर्षें सुकाणूच्या चाकाखालीं असे, आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. गाडी जवळजवळ थांबल्यावांचून पहिला गिअर टाकला तर तो ओरडे. म्हणून त्या पिढीचे लोक दुहेरी क्लच शिकत: एकदां क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला थोडा जोर, पुन्हां क्लच दाबून खालचा गिअर. अमेरिकेंत कॅडिलॅकनें १९२८ सालीं सिंक्रोमेश आणला, आणि हळूहळू ही विद्या अनावश्यक झाली. सोय झाली खरी. पण आंत काय चाललें आहे याची जाण पायाला राहिली नाहीं. जुन्या माणसाला गिअर वाजला तर आपलें काय चुकलें हें तत्काळ कळे. आज आपण दुसऱ्या कोणाचें काय चुकलें तें शोधूं लागतों.

दोन उलट दुखणीं

क्लचचीं मुख्य दुखणीं दोन, आणि तीं एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. पहिलें घसरणें: पाय पेडलवर नसतांही चकती पुरती धरली जात नाहीं. दुसरें न सुटणें: पेडल पूर्ण दाबलें तरी चकती पुरती मोकळी होत नाहीं. एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर दुखणें दुणावतें. म्हणून आधीं यांतलें कोणतें, हें ठरविलें पाहिजे.

घसरण्याची खूण अशी. वरच्या गिअरांत किंवा चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला कीं इंजिनाचे फेरे वाढतात, गाडीचा वेग त्या मानानें वाढत नाहीं. पुढें वास येतो. परीक्षा करावयाची तर सपाट मोकळ्या जागीं, समोर कोणी नसतां, हँडब्रेक पक्का ओढावा, पायाचा ब्रेकही दाबावा, तिसरा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. क्लच सुदृढ असेल तर इंजिन लागलेंच बंद पडतें. क्लच सोडूनही इंजिन चालूच राहिलें, तर घसरण आहे. ही परीक्षा एकदांच करावी. वारंवार केल्यास परीक्षाच रोग लावते.

न सुटण्याची खूण निराळी. गिअर जड जातो, विशेषतः पहिला व रिव्हर्स. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार सेकंद थांबावें, मग रिव्हर्स टाकावा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो. आंतला दांडा थांबला असेल तरच तो मुकाट्यानें बसतो. चार सेकंद थांबूनही ‘करर्र’ झालें, तर क्लच सुटत नाहीं असें समजावें. घाईनें टाकतांना झालेला आवाज हा दोष नव्हे. दांड्याला थांबायला थोडा वेळ लागतोच.

इंजिन बंद करून पहा

परंतु सर्व परीक्षांत मोलाची परीक्षा सर्वांत सोपी आहे. इंजिन बंद करून, क्लच दाबून, एकेक गिअर टाकून पहावा. एखादा जरा अडला तर गाडी किंचित् हलवून पुन्हां पहावें. यांतून तीन निष्कर्ष निघतात.

इंजिन बंद असतां सर्व गिअर लोण्यासारखे जातात, चालू असतां अडतात, तर दोष क्लचचा. इंजिन बंद असतांही सर्व गिअर जड जातात, तर क्लचला हात लावूं नये. दांडीपासून गिअरबॉक्सापर्यंतच्या केबली, सळया, त्यांचे रबरी व प्लॅस्टिकचे सांधे पहावे. सोलापूरची धूळ अशा सांध्यांत शिरून वंगण घट्ट करते. आणि बाकीचे गिअर ठीक असून एकच गिअर, बहुधा दुसरा, टाकतांना ओरडत असेल, तर त्या गिअरचें कडें झिजलें असें मानावें. क्लचप्लेट बदलून तो आवाज जाणार नाहीं.

टाकलेला गिअर आपोआप निसटूं लागला, तर गिअरबॉक्साच्या आंतील फोर्क वा खांचा झिजल्या आहेत, किंवा इंजिन ज्या रबरी बैठकींवर उभें असतें त्या फाटल्या आहेत. गाडी सुटतांना थरथरत असेल, तर चकतीला तेल लागलें आहे, ती तापून वांकडी झाली आहे, किंवा पुन्हां त्या बैठकीच दोषी आहेत. बैठकी स्वस्त, चकती महाग. म्हणून आधीं बैठकी तपासाव्या.

आवाजाचीही एक परीक्षा आहे. गाडी न्यूट्रलमध्यें उभी व इंजिन चालू असावें. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होते व सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग थकलें. उलट क्लच सोडलेला असतां घरघर होते व दाबतांच थांबते, तर गिअरबॉक्साच्या पुढच्या दांड्याचें बेअरिंग संशयास्पद. ही खूण घरांतील कोणालाही पाहतां येते.

पेडल काय सांगतें

केबलच्या क्लचला आरंभीं थोडी मोकळीक असावी लागते. हातानें पेडल दाबलें तर पहिल्यानें तें सहज जातें, मग जड लागतें. ती मोकळीक किती असावी हें गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेलें असतें; साधारणतः ती बोटाच्या रुंदीच्या आसपास असते. मोकळीक फार झाली तर क्लच सुटत नाहीं. मुळींच नसली तर बेअरिंग स्प्रिंगवर सतत रेलून राहतें व क्लच घसरतो. कांहीं गाड्यांत केबल आपोआप जुळून घेते. तेथें आपण हात लावूं नये.

तेलाच्या क्लचचें निराळें. पेडल मऊ लागतें, दोनचार वेळां भराभर दाबल्यावर जोर येतो, असें झालें तर नळींत हवा शिरली आहे किंवा कोठें गळती आहे. यांत ब्रेकचेंच तेल वापरतात, आणि पुष्कळ गाड्यांत क्लच व ब्रेक यांचा तेलाचा डबा एकच असतो. म्हणून त्या डब्यांतील पातळी उतरूं लागली तर ‘क्लचचें पाहूं सावकाश’ असें म्हणूं नये. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें. गिअरबॉक्सांतील तेलही पुस्तकांत सांगितलेल्याच प्रतीचें घालावें. अधिक भारी तेल अधिक चांगलें, हा समज चुकीचा. कांहीं जातींच्या तेलांतील मसाला पितळी कड्यांना सोसत नाहीं.

क्लचचें पेडलच नसलेल्या, स्वतः गिअर बदलणाऱ्या स्वस्त गाड्या आपल्याकडे २०१४ पासून पुष्कळ आल्या. त्यांपैकीं ज्यांना एएमटी म्हणतात त्यांत क्लच असतोच. फक्त पायाऐवजीं यंत्र तो दाबतें. चढावर अशी गाडी नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली तर तिची चकतीही तशीच जळते.

आमच्या गाडीचा निकाल

आतां घाटांतील प्रकरणाकडे वळूं. घरीं आल्यावर आम्हीं वरील परीक्षा केल्या. क्लच घसरत होता, यांत शंका नव्हती. परंतु कां? आम्हांस उत्तर ठाऊकच होतें: सूनबाईंचा पाय. तें पुराव्यानें सिद्ध करावें म्हणून आम्हीं पुस्तक उघडून पेडलची मोकळीक मोजूं लागलों. मोकळीक शून्य! सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मामंजी, तीन आठवड्यांपूर्वीं गाडी गॅरेजांतून आली तेव्हांपासून पेडल पायाला वेगळें लागत होतें. पूर्वीं बोटभर तें मोकळें जाई, आतां स्पर्श करतांच जड लागे. मीं त्याच दिवशीं घरांत सांगितलें होतें.” चिरंजीवांनीं मान खालीं घातली. सांगितलें होतें, ऐकलें कोणींच नव्हतें.

गाडी गॅरेजांत कां गेली होती? फाल्गुनांत सकाळीं रिव्हर्स ओरडूं लागला होता म्हणून. मेस्त्रीनें काय केलें? केबल ताठ केली. पण तशी करा, असें त्याला सांगितलें कोणीं? आम्हींच. ‘क्लच सैल झाला आहे, जरा ताठ करून दे,’ असें सांगून आम्ही गाडी ठेवून आलों होतों. त्यानें सांगितलेलें काम केलें. आणि रिव्हर्स मुळांत ओरडूं कां लागला? याचा उलगडा पेडल हातानें खालपर्यंत दाबतांच झाला. तें तळाला टेकतच नव्हतें. फाल्गुनाच्या आरंभीं आम्हीं हौसेनें एक जाड रबरी चटई आणून जुन्या गालिच्यावर अंथरली होती. पेडल तिच्यावर अडत होतें.

म्हणजे क्रम असा लागला: चटईमुळें पेडल पुरतें खालीं जाईना, म्हणून क्लच सुटेना, म्हणून रिव्हर्स ओरडला, म्हणून केबल ताठ झाली, म्हणून मोकळीक गेली, म्हणून तीन आठवडे चकती अर्धवट दाबाखालीं थोडथोडी घसरत राहिली, आणि घाटाच्या चढावर, पांच माणसांच्या ओझ्याखालीं, ती उघडपणें हरली. त्या दिवशीं सुकाणू कोणाच्याही हातीं असतें तरी तेंच झालें असतें. चटई पहिल्या दिवशीं उचलली असती तर एक पैसाही लागला नसता. आतां गिअरबॉक्स उतरवावा लागला. चकती कांचेसारखी गुळगुळीत झाली होती, फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, व सर्व संच नवा घालावा लागला.

मागच्या बाकावरून दिलेला निकाल आम्हीं रात्रीच्या पंगतींत सर्वांसमक्ष मागें घेतला. दुसऱ्या रविवारीं अक्कलकोटास जातांना किल्ली सूनबाईंच्या हातीं दिली, आणि स्वतः मागच्या बाकावर निमूटपणें बसलों.

कांहीं संवयी व एक विनंति

नवी चकती कोणाची लाख किलोमीटर टिकते, कोणाची तीस हजारांत संपते. फरक बहुधा संवयींचा असतो. चालवितांना डावा पाय पेडलवर विसांवूं देऊं नये. त्याला बाजूला जागा दिलेली असते. सिग्नलपाशीं दीर्घ काळ थांबणें झालें तर न्यूट्रल करून पाय काढावा. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलूं नये. हँडब्रेक त्यासाठींच आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत जेव्हां गाड्या पावलापावलानें सरकतात, तेव्हां पुढच्या गाडीला थोडी पुढें जाऊं द्यावी व मग एकदां क्लच सोडून पुरतें अंतर कापावें. हात गिअरच्या दांडीवर ठेवून बसूं नये. त्या वजनानें आंतला फोर्क झिजतो. दुसऱ्या गिअरांत गाडी उठवूं नये.

आणि विनंति ही: मेस्त्रीकडे जातांना उपाय सांगूं नये, लक्षण सांगावें. कोणता गिअर अडतो, इंजिन थंड असतां कीं तापल्यावर, बंद असतां अडतो कीं चालू असतांच, पेडल पूर्वींपेक्षां वेगळें लागतें काय, आवाज दाबल्यावर येतो कीं सोडल्यावर, एवढ्या पांच गोष्टी कागदावर लिहून न्याव्या. चांगल्या मेस्त्रीला तेवढ्यावरून अर्धें निदान होतें. तो कागद लिहितांना मात्र घरांत गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाला विचारावें, आणि सर्वांत शेवटीं शिकलेल्या माणसाला सर्वांत आधीं. आपले पाय संवयीनें बधिर झालेले असतात. नव्या पायाला पेडलमधला बदल लौकर जाणवतो.